नऊ हजार लिटरचा हौद: परसातल्या फायबर प्लंज पूलचे एक वर्ष

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही नागपुरातल्या घराच्या परसात फायबरचा तयार प्लंज पूल बसवून घेतला. त्याला आता एक वर्ष पूर्ण झाले असून त्यात एक विदर्भी उन्हाळा, एक पावसाळा आणि पाणी हिरवे पडण्याचा एक प्रसंग जमा आहे, त्यामुळे या वस्तूबद्दल थोडे अधिकाराने लिहिता येईल असे वाटते. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण एक-दोन बाबींवर तिच्याशी बोलणे अजून चालू आहे.

हौद १२ फूट लांब, ७ फूट रुंद आणि ४ फूट खोल आहे. आत दोन पायऱ्या आणि बसायला एक बाकडे आहे. काठाखाली तीन इंच सोडून भरला तर त्यात सुमारे ९,००० लिटर पाणी मावते. यात पोहता येत नाही, दोन हात मारले की भिंत येते. हा डुंबण्याचा हौद आहे आणि तशाच अपेक्षेने तो घ्यावा. टाकी, अर्ध्या अश्वशक्तीचा पंप, वाळूचा फिल्टर, एक दिवा आणि वाहतूक यांचे ३ लाख ८० हजार रुपये झाले. खोदकाम, काँक्रीट, फरशी आणि विजेचे काम आम्ही स्वतः करून घेतले, त्याला आणखी ९५ हजार लागले. विक्रेत्याने या दुसऱ्या आकड्याचा उल्लेख दर सांगताना केला नव्हता. तो आपण आधीच विचारून घ्यावा.

टाकीबद्दल तक्रार नाही, हे आधी सांगून टाकतो. आतला गुळगुळीत थर वर्षभरात कुठे फुगला नाही, तडकला नाही, रंग किंचित उतरला आहे तो फक्त पायरीच्या कडेला. काँक्रीट आणि टाइल्सच्या हौदात सांध्यांमध्ये शेवाळ धरते, तसे इथे सांधेच नसल्यामुळे घासणे सोपे जाते. ट्रकमधून उतरलेली टाकी क्रेनने घरावरून उचलून परसात ठेवायला जेमतेम पाऊण तास लागला, आणि ती समपातळीत बसली आहे की नाही हे त्यांच्या माणसांनी चारही कोपऱ्यांवर लेव्हल ट्यूबने तपासून घेतले. हे काम त्यांनी खरोखर नीट केले.

जमिनीचा विचार मात्र त्यांच्या नकाशात कुठेच नव्हता. आमच्या परसात चार फूट खोल काळी माती आहे. ही माती उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, हे इथल्या कोणत्याही बांधकाम मिस्त्रीला माहीत असते. आमच्या मिस्त्रींनी कंपनीचा कागद पाहून तो बाजूला ठेवला आणि खड्डा सव्वापाच फूट खोल, चहूबाजूंनी दीड फूट जास्त रुंद घेतला. तळाला मुरूम ठोकून बसवला, त्यावर गिट्टीचा थर आणि मग काँक्रीट केले. टाकी ठेवल्यावर बाजूच्या पोकळीत चुरी आणि सिमेंट कोरडेच मिसळून भरत गेलो, आणि आत पाणी जितके चढेल तितकीच बाहेर चुरी चढवायची हा नियम पाळला. आत आधी पाणी भरले तर भिंती बाहेर फुगतात, बाहेर आधी भराव केला तर त्या आत दबतात. हे काम दोन दिवस चालले आणि घाई करणाऱ्या कंपनीच्या माणसाला मिस्त्रींनी दोनदा थांबवले.

त्याच वेळी त्यांनी आणखी एक गोष्ट करून घेतली. हौदाच्या एका कोपऱ्याला, बाहेरच्या बाजूने, तळाच्या गिट्टीपर्यंत जाणारा, छिद्रे पाडलेला सहा इंची पाइप उभा पुरला आणि वर झाकण बसवले. काळ्या मातीतला मुरमाचा खड्डा पावसाळ्यात वाडग्यासारखा भरतो. अशा वेळी हौद रिकामा असेल आणि बाहेर दोन फूट पाणी साचले असेल, तर टाकीला खालून साडेचार टनांहून अधिक वर ढकलणारा जोर लागतो, आणि रिकाम्या टाकीचे स्वतःचे वजन चारशे किलोच्या आसपास असते. ती होडीसारखी वर येते. पाइपात काठी घालून पाणी किती आहे ते बघता येते आणि गरज पडल्यास लहान पंपाने ते उपसता येते. या पाइपाला १,८०० रुपये लागले. माझ्या मते संपूर्ण कामातला सर्वांत शहाणपणाचा खर्च हाच होता, आणि तो कंपनीने सुचवलेला नव्हता.

आता सुरुवातीच्या पंधरवड्याविषयी. हौद आम्ही घरच्या विहिरीच्या पाण्याने भरला. महापालिकेच्या नळाचे पाणी कमी कठीण असते, पण ९,००० लिटर पिण्याचे पाणी डुंबण्यासाठी ओतायचे आमच्या मनाला पटले नाही. विहिरीच्या पाण्याची तपासणी करून घेतली तेव्हा त्याची कठीणता (कॅल्शियमसारख्या क्षारांचे प्रमाण) ४२० आणि क्षारता (आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद) २८० पीपीएम, म्हणजे दर दहा लाख भागांत इतके भाग, निघाली. हौदासाठी क्षारता ८० ते १२०, कठीणता २०० ते ४०० आणि सामू (पीएच) ७.२ ते ७.६ असावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. पाण्याची ही ओळख करून घेणे म्हणजे हौद सुरू करण्याचे पहिले पाऊल, पण कंपनीचा तंत्रज्ञ आला तो थेट पंपाचे बटण दाबायला.

फिल्टरमध्ये नवी वाळू भरली की तिच्यात बारीक धूळ असते. ती आधी उलट धुऊन, म्हणजे बॅकवॉश करून, बाहेर काढायची असते आणि मगच पाणी हौदाकडे सोडायचे असते. तंत्रज्ञाने झडपेचा दांडा सरळ फिल्टरच्या खुणेवर ठेवला आणि दोन मिनिटांत निळ्या टाकीत राखाडी ढग पसरला. त्यावर त्याचे उत्तर, ‘काका, उद्यापर्यंत बसते खाली.’ ते बसायला तीन दिवस लागले, आणि बसल्यावर तळातून ओढून बाहेर टाकावे लागले. शिवाय पंप चालू असताना त्याने झडपेचा दांडा फिरवला. असे केल्याने आतली रबरी चकती फाटते. आमची त्या दिवशी वाचली, हा योगायोग.

क्षारता खाली आणण्याचे काम मग मीच केले. पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्ल थोडे थोडे, पंप चालू ठेवून, चार दिवसांत मिळून सुमारे तीन लिटर घातले. आम्ल बादलीभर पाण्यात ओतायचे, आम्लावर पाणी कधीही ओतायचे नाही, हातात रबरी मोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवा, आणि वारा आपल्या पाठीकडून वाहत असावा. क्रमही महत्त्वाचा असतो: आधी क्षारता, मग सामू, आणि शेवटी क्लोरीन. सामू ८ च्या वर असताना घातलेले क्लोरीन बरेचसे वाया जाते. कंपनीच्या पुस्तिकेत हे सारे आहे, पण ती मोठ्या हौदांसाठी आणि मऊ पाण्यासाठी लिहिलेली असल्यामुळे तिच्यातली मापे आपल्याला भागाकार करूनच वापरावी लागतात.

इथे लहान हौदाविषयीचा एक गैरसमज सांगायला हवा, कारण विक्री करताना तोच पुढे केला जातो. हौद लहान, म्हणून देखभालही कमी, असे ऐकवले जाते. प्रत्यक्षात थोडे पाणी लवकर बिघडते. मे महिन्यात आमची चार नातवंडे एका वेळी हौदात असतात, म्हणजे प्रत्येकी सव्वादोन हजार लिटर पाणी झाले. २५ मीटर लांबीच्या सार्वजनिक तलावात तेवढीच दाटी व्हायला दोनशे माणसे एकदम उतरावी लागतील. पोरांच्या अंगाचे तेल, घाम आणि पायांची माती या सगळ्याचा हिशेब या नऊ हजार लिटरनाच द्यावा लागतो. म्हणून आम्ही हौदाशेजारी साधा शॉवर लावला आणि अंघोळ केल्याशिवाय कोणी उतरायचे नाही असा नियम केला. तो मोठ्यांनाही लागू आहे, आणि मोडतातही मोठेच.

याच गैरसमजातून मे महिन्यातला तो प्रकार घडला. तंत्रज्ञाने जाताना २०० ग्रॅमच्या क्लोरीन गोळ्यांचा डबा दिला आणि सांगितले, ‘आठवड्याला एक गोळी टाकत जा, बाकी काही पाहावं लागत नाही.’ फेब्रुवारीच्या मध्यापासून मी इमानाने तसे केले. सोबत दिलेल्या तपासणी संचात पाण्याच्या नळीत थेंब टाकले की पिवळा रंग येई, तो तक्त्यातल्या ३ च्या खुणेशी जुळे, आणि मी वहीत ‘ठीक’ असे लिही. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पायरीच्या आतल्या कडेला हात लावला तेव्हा बुळबुळीत लागले. दुसऱ्या दिवशी पाण्यावर हिरवट झाक होती, तिसऱ्या दिवशी तळाचे भोक दिसेना. संच मात्र अजूनही ३ दाखवत होता.

कारण गोळीतच होते. या गोळ्या ट्रायक्लोरच्या असतात, आणि क्लोरीन निघून गेल्यावर त्यांच्यातले सायन्युरिक आम्ल पाण्यात मागे राहते. ते वाईट नाही. त्याच्याशिवाय उन्हाळ्याच्या दुपारी क्लोरीन दोन तासांत उडून जाईल. ३० ते ५० पीपीएमपर्यंत ते क्लोरीनला उन्हापासून राखते. पण ते उडत नाही, विरघळून नाहीसे होत नाही, साचत जाते, आणि जितके जास्त साचेल तितके क्लोरीनला धरून ठेवून त्याची शेवाळ मारण्याची ताकद कमी करते. हिशेब सोपा आहे. २०० ग्रॅमची एक गोळी आमच्या हौदात सुमारे १२ पीपीएम सायन्युरिक आम्ल टाकते. अकरा-बारा आठवड्यांत किती साचले असेल ते कोणालाही काढता येईल. मोठ्या तलावात एक गोळी समुद्रात खसखस असते, नऊ हजार लिटरमध्ये ती नसते.

सायन्युरिक आम्लाची तपासणी मोठी गमतीची आहे. पाण्यात एक द्रावण मिसळले की ते दुधासारखे गढूळ होते. तळाशी काळा ठिपका असलेल्या उभ्या नळीत हे गढूळ पाणी हळूहळू ओतायचे आणि वरून बघत राहायचे, ज्या उंचीला ठिपका दिसेनासा होईल तिथला आकडा वाचायचा. पाणी जितके जास्त बिघडलेले, तितका ठिपका लवकर हरवतो. मी नळीत बोटभर ओतले नाही तोच ठिपका गेला, म्हणजे १०० च्या पुढे. मग अर्धे हौदाचे, अर्धे विहिरीचे पाणी घेऊन पुन्हा तपासले आणि आलेली नोंद दुप्पट केली, तेव्हा आकडा १३० निघाला. इतक्या सायन्युरिक आम्लासोबत क्लोरीन ३ नव्हे, १० च्या आसपास लागले असते. शिवाय संचातला तो पिवळा रंग एकूण क्लोरीन दाखवतो, कामाचे मोकळे क्लोरीन वेगळे दाखवत नाही. गुलाबी रंग देणारा डीपीडी संच त्यासाठी हवा. कंपनीने लाखोंच्या वस्तूसोबत स्वस्तातला संच का द्यावा, हे मला कळलेले नाही.

सायन्युरिक आम्ल काढण्याचा व्यवहार्य उपाय एकच, पाणी बदलणे. मेमध्ये विहिरीचे पाणी २८ फुटांवर गेलेले होते आणि पुरलेला पाइपही कोरडा होता, त्यामुळे हौद उपसण्यात धोका नव्हता. भिंतींचा आधार एकदम जाऊ नये म्हणून मी एका वेळी पूर्ण न उपसता दोन-तृतीयांश पाणी काढले आणि लगेच भरायला घेतले. काढलेले पाणी क्लोरीन उतरल्यानंतर कडुनिंबाच्या आणि आंब्याच्या आळ्यात सोडले. तरीही पलीकडच्या गल्लीत टँकर येत असताना सहा हजार लिटर पाणी मोटरने उपसणे हे लाजिरवाणे काम होते, आणि ते मी रात्री दहानंतर केले, हे कबूल करतो. मोजणी केली तेव्हा आकडा ४३ आला. गोळ्यांचा डबा तेव्हापासून बंद आहे.

आता रोज संध्याकाळी ऊन उतरल्यावर द्रव सोडियम हायपोक्लोराइट एक वाटी, म्हणजे १८० मिलिलिटर घालतो. दहा टक्क्यांच्या द्रावणातून तेवढ्याने सुमारे २ पीपीएम क्लोरीन मिळते. कॅन इतवारीतल्या दुकानातून पाच-पाच लिटरचेच आणतो, कारण नागपूरच्या उन्हात त्याची ताकद काही आठवड्यांत उतरते. पांढऱ्या दाणेदार कॅल्शियम हायपोक्लोराइटचा पर्याय आहे, पण आमचे पाणी आधीच इतके कठीण की त्यात आणखी कॅल्शियम घालणे म्हणजे काठावर चुन्याची रेघ ओढून घेणे. ग्रामपंचायती विहिरीत टाकतात ती टीसीएल (ब्लीचिंग) पावडर तर या कामाला मुळीच वापरू नये, तिचा चुन्याचा गाळ फिल्टरची वाळू दगडासारखी घट्ट करतो. आणि एक अत्यंत महत्त्वाचे: ट्रायक्लोरच्या गोळ्या आणि दाणेदार क्लोरीन एका डब्यात, एका चमच्याने किंवा एका बादलीत कधीही एकत्र आणू नयेत. त्यांचा स्फोट होऊ शकतो.

बाष्पीभवनाचाही इथे हिशेब आहे. मेमध्ये हौदाची पातळी रोज पाऊण-एक सेंटीमीटरने उतरते, म्हणजे रोज साठ-सत्तर लिटर. हौद गळतो आहे अशी शंका येऊन मी कंपनीला फोन केला, तेव्हा त्यांनी एक चांगली युक्ती सांगितली, ती प्रामाणिकपणे त्यांच्या खात्यावर जमा करतो. बादली पाण्याने भरून हौदाच्या पायरीवर ठेवायची, आतली आणि बाहेरची पातळी पेनने खूण करून दुसऱ्या दिवशी बघायची. दोन्ही सारख्याच उतरल्या. त्यानंतर हौदावर शेतातल्यासारखी हिरवी जाळी ताणली, त्यामुळे पाणी उतरणे कमी झाले आणि दुपारचे तापमान ३४ वरून ३० पर्यंत आले. ३४ अंशांच्या पाण्यात उतरणे म्हणजे अंघोळीचे विसण केल्यासारखे वाटते. थंडावा हवा असेल त्यांनी पहाटे साडेपाचला उतरावे.

कडुनिंबाचे झाड हौदाच्या नैऋत्येला आहे. मार्चमध्ये त्याची पाने गळतात, एप्रिलमध्ये फुलांचा बारीक चुरा पडतो आणि जूनमध्ये निंबोळ्या. वरचा कचरा ओढणाऱ्या स्किमरची टोपली त्या दिवसांत दिवसातून दोनदा रिकामी करावी लागते. सौभाग्यवतींच्या मते हौदाची देखभाल म्हणजे निंबोळ्या वेचणे एवढेच असून बाकी सारे माझे छंद आहेत.

फिल्टरच्या दाबमापकाचा काटा धुतलेल्या स्थितीत ०.६ वर असतो, तो १.१ वर गेला की बॅकवॉश करतो. दोन-तीन मिनिटांत तीनेकशे लिटर पाणी जाते, म्हणून उगाच दर आठवड्याला धूत बसू नये. पंप रोज सहा तास चालतो आणि महिन्याला सुमारे ९५ युनिट वीज खातो. घराचा वापर वरच्या टप्प्यात गेल्यामुळे ही वाढ बाराशे ते चौदाशे रुपयांची पडते. औषधांचा खर्च महिना सहाशे-सातशे.

वीज निघालीच आहे, तर माझी सर्वांत गंभीर तक्रार इथेच नोंदवतो. कंपनीच्या माणसाने पंप आणि दिव्याच्या जोडणीला फक्त एमसीबी, म्हणजे भार जास्त झाल्यास वीज तोडणारा स्विच, लावला होता. एमसीबी तार वाचवतो, पाण्यातला माणूस वाचवत नाही. ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच प्रवाह तोडणारा स्विच) आणि स्वतंत्र अर्थिंग आमच्या वायरमनने नंतर बसवले. दिवा १२ व्होल्टचा होता, ते बरे. ज्यांच्याकडे असा हौद आहे त्यांनी आजच पेटी उघडून पाहावे.

पावसाळा तुलनेने सोपा गेला. एका दमदार पावसात १०० मिलिमीटर पडले तर हौदात सुमारे ७८० लिटर मऊ पाणी फुकट येते आणि कठीणता खाली येते, मात्र त्याचबरोबर क्लोरीन आणि क्षारताही पातळ होते. क्षारता ६० वर आली तेव्हा स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा उपयोगी पडला, दीडशे ग्रॅमने ती १० ने वाढते. ऑगस्टमध्ये विहिरीचे पाणी पाच फुटांवर आले आणि पाइपात दोन वीत पाणी दिसले. त्या दोन महिन्यांत हौदाची पातळी मुळीच उतरू दिली नाही. काळ्या मातीने मात्र बाहेरची फरशी एका बाजूला अर्धा इंच उचलली. कंपनीचे म्हणणे, फरशी आमची नाही, आणि ते खरेही आहे.

माझी स्वतःची फजिती सप्टेंबरमधली. डासअळ्या तपासायला आलेल्या आरोग्य कर्मचारी ताईंना मी मोठ्या अभिमानाने निळे स्वच्छ पाणी दाखवले. त्यांनी ते पाहिले, काही बोलल्या नाहीत, आणि बाजूला गुंडाळून ठेवलेल्या ताडपत्रीची घडी उघडली. तिच्यात साचलेल्या तांब्याभर पाण्यात अळ्या वळवळत होत्या.

टाकी पुन्हा घ्यायची झाली तर मी हीच घेईन. त्यांचा वार्षिक देखभालीचा करार मात्र घेतला नाही आणि घेणारही नाही. बावीस हजारांत महिन्याला एक भेट, आणि त्या भेटीत तीच गोळी. हमीच्या अटींत पाण्याच्या नोंदी ठेवल्या पाहिजेत असे कलम आहे, त्यामुळे वही चालू आहे. फरशीखालच्या भरावाबद्दल आणि एमसीबीबद्दल त्यांच्या अभियंत्याने पाहणीला यायचे कबूल केले आहे. तारीख अजून कळवलेली नाही.